लोकमान्य टिळक आणि शिक्षामाफीचा अर्ज

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरी येथे झाला. गणिती, संस्कृत पंडित आणि संपादक म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु ते कायद्याचे पदवीधर असून पुण्यास कायद्याचा वर्ग चालवीत, हे थोड्यांसच ठाऊक असेल. 1891 च्या सुमारास त्यांनी भागीदारीत लातूर येथे कापसाचा जिनिंग कारखाना काढला. हे लातूर 1982 पर्यंत आमच्याच धाराशिव जिल्ह्यात मोडत असे. तेव्हा हा थोर पुरुष आम्हांस अगदीच परका नव्हे.

1894 साली बडोद्यास त्यांचे मित्र वासुदेव सदाशिव बापट यांजवर लाचलुचपतीचे आरोप आले. टिळकांनी तेथे जाऊन मित्राच्या बचावाचे काम अंगावर घेतले. पुढे तीनच वर्षांनी तशाच साहाय्याची गरज स्वतः त्यांस पडली. जून 1897 मधील केसरीतील लेखांवरून सरकारने त्यांजवर राजद्रोहाचा खटला भरला. बॅरिस्टर दावर यांनी जामिनासाठी बाजू मांडली व न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. बंगालमधील लोकांनी वर्गणी जमवून कलकत्त्याहून बॅरिस्टर पाठविले. माफी मागून सुटका करून घ्यावी, असा सल्ला कित्येक स्नेह्यांनी दिला. टिळकांनी तो मानिला नाही. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी त्यांस दोषी ठरविले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोषी. 14 सप्टेंबर रोजी न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 18 महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली. प्रिव्ही कौन्सिलपुढे अॅस्क्विथसारख्या कायदेपंडिताने अपिलाची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही.

न्यायाचे सर्व दरवाजे बंद झाल्यावर दयेचा एकच दरवाजा उरतो. मॅक्समुल्लर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी आदी गृहस्थांनी महाराणी व्हिक्टोरियाकडे सवलतीचा अर्ज केला. मॅक्समुल्लरसाहेबांनी टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ वाचला होता. त्यांनी कारागृहात ऋग्वेदाची प्रतही पाठविली. अखेर 6 सप्टेंबर 1898 रोजी, सहा महिने बाकी असता, टिळक सुटले. सुटकेप्रीत्यर्थ मिरवणूक वा सत्कार स्वीकारू नये, आणि पुन्हा राजद्रोहाबद्दल शिक्षा झाल्यास उरलेले सहा महिनेही भोगावे, अशा अटी होत्या. अपराध कबूल करण्याची अट मात्र नव्हती. पुढे 1908 साली टिळकांस सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश हेच दावर होते, हा दैवाचा खेळच म्हणावा! 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईस लोकमान्यांचा देहान्त झाला.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? जो स्वतः कायदा शिकवीत असे, त्यासही संकटसमयी वकिलाची व मित्रांची गरज लागली. मग निर्धन व निरक्षर बंदिवानाची काय कथा! टिळकांपाशी विद्या व कीर्ती होती, म्हणून दूरदेशींचे पंडित धावून आले. आज संविधानाने राष्ट्रपती व राज्यपाल यांस क्षमेचा अधिकार दिला आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोठडीतील मनुष्यास विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ज्यास लिहिता येत नाही, त्याचा अर्ज लिहून देणे हे आमच्या सुशिक्षित विद्यार्थ्यांचे कर्तव्य होय. क्षमा मागण्यात कमीपणा नाही. पण जे केले नाही ते कबूल करून सुटका विकत घेऊ नये, हाच या चरित्राचा बोध होय.