कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक

टाळमृदंगाच्या साथीवर ख्रिस्ताचे अभंग ऐकू आले, तर आज त्यात कोणास नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती उपासनेतील पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत व ती परदेशी चालींवर म्हटली जात. चालीच्या मापात बसविताना मराठी शब्दांची फार ओढाताण होई. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आपले कवित्व वेचले, त्या टिळकांचे चरित्र आपण पाहू.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. काव्याची व भक्तीची गोडी त्यांस मातोश्री जानकीबाई यांच्यापासून लागली. मातृछत्र बालपणीच हरपल्यावर ते घर सोडून नाशिकास गेले व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. पुढे लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. एका जागी स्थिर राहणे टिळकांच्या स्वभावातच नव्हते. गावे बदलली, नोकऱ्या बदलल्या, आणि हाती आलेला पैसा गरजवंताच्या हाती केव्हा जाईल याचा नेम नसे. या उदारपणाची झळ लक्ष्मीबाईंस पुष्कळ सोसावी लागली.

इ. स. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार भेट दिला. तो वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांस हा मोठाच आघात होता. लक्ष्मीबाई लहानग्या पुत्रास घेऊन कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरास आल्या, तेव्हाही प्रथम आपले सोवळे सांभाळूनच राहत. अखेर १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. दोघांनीही सत्यासाठी दुःख भोगले आणि एकमेकांवरील प्रेमही टिकविले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी झाली. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. धर्म पालटला की देश, भाषा व पूर्वजांचे संस्कार यांसही मनुष्य परका होतो, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. टिळकांस ती मुळीच मान्य नव्हती. ज्ञानदेव व तुकाराम यांच्या भक्तीने आपणास ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आणले, असे ते कृतज्ञतेने मानीत. अभंग, ओवी, पद, भजन आणि कीर्तन हा आपला वारसा असून तो प्रभूच्या चरणी वाहिला पाहिजे, असे त्यांस वाटे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी ही वाट आधी चोखाळली होती. टिळकांनी शेकडो गीते रचून तिचा राजमार्ग केला. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

असाच ध्यास दूर युरोपातील एका संगीतकारासही लागला होता. बेल्जियम देशात फ्लेमिश लोकांची भाषा डच. परंतु दरबारात व प्रतिष्ठितांच्या घरी मान असे तो फ्रेंच भाषेस. पीटर बेन्वा (१८३४–१९०१) यांनी काही वर्षे पॅरिसमध्ये काढली; तरी आपल्या लोकांचे संगीत आपल्याच भाषेतून उमलले पाहिजे, या मतासाठी ते झटले. १८६७ साली त्यांनी अँटवर्प शहरी फ्लेमिश संगीतशाळा काढली. १८९८ साली तीस राजमान्यता मिळाली. त्यांचा देश निराळा, धर्मसंस्कार निराळे, तरी तळमळ टिळकांचीच होती.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीसही सुखाची वाट धरली नाही. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. तथापि या कार्यास फार काळ लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले व अस्थी नगरास आणण्यात आल्या. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले, आणि १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. एके काळी पतीच्या धर्मांतराने जिचे घर मोडले, तिनेच त्याचे काव्य शेवटास न्यावे, याहून मोठी साक्ष कोणती?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बीड जिल्ह्यात अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. मराठी काव्याचे माहेर आपल्या अंगणाशी आहे. इंग्रजी अवश्य शिका, परदेशी संगीताचाही आस्वाद घ्या. ज्ञानाचे दार कोणत्याही दिशेने उघडो. परंतु देवाशी बोलताना आईची भाषा ओशाळवाणी वाटू देऊ नका. आणि पालकांस विनंती एवढीच की, सायंप्रार्थनेच्या वेळी टिळकांचे एखादे गीत घरात गावे. मुलांच्या कानांवर लहानपणी जे पडते, तेच पुढे त्यांच्या अंतःकरणात घर करते.