स्वामी रामानंद तीर्थ आणि ‘जातीय’ हा शिक्का

हैदराबाद संस्थानाच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. तेथील राष्ट्रीय शाळेत १९२९च्या सुमारास व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक दाखल झाले. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले होते. संन्यास घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये त्यांनी आंबेजोगाई हे कार्यक्षेत्र निवडले, तरी मराठवाड्याशी त्यांचे नाते जुळले ते हिप्परग्यात.

त्या काळी संस्थानात राजकीय सभा घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. गश्ती निशाण ५३ या कुप्रसिद्ध फर्मानाने सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. त्यामुळे राजकीय आकांक्षा महाराष्ट्र परिषदेसारख्या भाषिक व्यासपीठांवरून, काहीशा आडवळणाने व्यक्त होत. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. तिची मागणी आज वाचली तर फारच सौम्य वाटते. निजामाला पदच्युत करण्याची भाषा तीत नव्हती. आसफजाही घराण्याच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती द्यावी, एवढेच म्हणणे होते.

या मागणीला सरकारने उत्तर दिले नाही. संघटना रीतसर स्थापन होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, ती जातीय असल्याचे जाहीर करून तिच्यावर बंदी घालण्यात आली. बहुसंख्य प्रजा हिंदू आणि राज्यकर्ता मुसलमान अशा संस्थानात हा शिक्का सोयीचा होता. जबाबदार राज्यपद्धती का नको, हे मग सांगावेच लागत नव्हते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल संशय निर्माण केला की काम भागत होते. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांनीही संस्थानात आपापला सत्याग्रह आरंभला, त्यामुळे सरकारच्या आरोपाला आयताच आधार मिळाला. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला लढा स्थगित केला. बंदी मात्र उठली नाही. ती उठायला जुलै १९४६ उजाडावे लागले. मूळ प्रश्नावर सनदशीर चर्चा होऊ शकली असती अशी आठ वर्षे वाया गेली होती.

तोपर्यंत वातावरण पार बदलले होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते आणि तेथे वकिली करणारे कासीम रझवी आता रझाकारांचे म्होरके झाले होते. मतभेद म्हणजे द्रोह, हे त्यांच्या संघटनेचे सूत्र होते. त्याचा फटका केवळ हिंदूंना बसला नाही. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. स्वामीजी तेव्हा निजामाच्या कैदेत होते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करल्यावरच त्यांची सुटका झाली.

स्वामीजींच्या चरित्रकथनात यानंतरचा भाग बहुधा घाईने उरकला जातो. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे खरेच होते. पण पोलिस कारवाईनंतर रझाकार हा शब्द सामान्य मुसलमानालाही चिकटवला गेला आणि ज्यांनी कधी हाती शस्त्र धरले नव्हते तेही सूडाचे धनी झाले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८च्या अखेरीस पाहणी करून सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानातील बळींचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. एका समाजाला संशयित ठरवणारे राज्य गेले होते. संशयाची दिशा मात्र फक्त उलटली होती. स्वामीजींचा लढा राजवटीशी होता, धर्माशी नव्हता, आणि त्यांनी ज्या जिल्ह्यात शाळा चालवली होती तेथेच हा भेद पुसला गेला.

स्वतः स्वामीजींच्या वाट्याला नवे विशेषण आले. स्टेट काँग्रेसमध्ये त्यांचा गट डावीकडे झुकलेला, तर बुर्गुल रामकृष्णराव आदींचा गट नेमस्त. कूळकायदा, जमीन, भाषावार प्रांतरचना या प्रश्नांवर दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे बरेच होते. परंतु स्वामीजी कम्युनिस्टांना सामील आहेत, या कुजबुजीनेच पक्षातला बराचसा वाद व्यापला. प्रत्यक्षात १९४८ पर्यंत कम्युनिस्टांशी त्यांचे फाटले होते. मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे हा आग्रह त्यांनी सोडला नाही आणि १९५६ मध्ये ते झालेही. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

पहिल्या लोकसभेत तेलंगणातील नलगोंड्याहून आलेले कम्युनिस्ट नेते रावी नारायण रेड्डीही होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या पहिल्याच तुकडीत सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले, तेव्हा सरकारच्या लेखी जातीय ठरले होते. दहा वर्षांनी धर्मच न मानणारा घातकी कम्युनिस्ट म्हणून पोलिस त्यांच्या मागावर होते. आता ते आणि स्वामीजी, एक विरोधी बाकावर आणि दुसरे सत्ताधारी बाकावर, एकाच सभागृहात बसत होते.