तालमीतून प्रयोगशाळेकडे : स्वामी कुवलयानंद

बडोद्याच्या मराठी समाजाने व्यायामाच्या क्षेत्राला जी थोर माणसे दिली, त्यांत स्वामी कुवलयानंदांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात दाखल झाले. श्री. अरविंद घोष त्या काळी तेथे अध्यापन करीत होते. त्यांच्या विचारांचा ठसा या तरुणाच्या मनावर उमटला.

परंतु जगन्नाथरावांचे दुसरे विद्यापीठ होते जुम्मादादांची व्यायामशाळा. जुम्मादादांचे पट्टशिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांच्यापाशी १९०७ ते १९१० या काळात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. त्या काळी विद्या ती पुस्तकातली आणि तालीम ती अंगमेहनतीची, अशी सरळ वाटणी होती. ती पुसून टाकणे, हेच पुढे त्यांचे जीवितकार्य ठरले.

अमळनेर येथे अध्यापन करीत असता १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी त्यांना गुरू म्हणून लाभले. योगसाधनेने आलेल्या अनुभवांनी ते भारावले. पण शिष्याची श्रद्धा आणि अभ्यासकाची शंका त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती उत्पन्न होते, असे त्यांना दिसून आले. तिला त्यांनी गुरूंचेच नाव दिले.

१९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामाने शरीरास विपुल प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत मोजमापाच्या कसोटीवर टिकत नाही, हे त्यांनी निःसंकोचपणे मांडले. प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेच्या शिक्षणात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या प्रिय विषयाचा खोटा बडेजाव नाकारण्यास जे धैर्य लागते, ते त्यांच्यापाशी होते.

मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. शालेय व्यायामाला शास्त्रीय शिस्त लावण्याचा त्यांचा प्रयत्न त्या निमित्ताने फलद्रूप झाला. १९५१ साली लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले. ज्या विद्येला एके काळी पुस्तकी जगात थारा नव्हता, तिचा रीतसर अभ्यासक्रम तेथे शिकविला जाऊ लागला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आज शारीरिक शिक्षण हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे. विद्यार्थी नाडी मोजतात, श्वास मोजतात, आलेख काढतात. या मार्गावर आरंभी चालणाऱ्यांपैकी एकाची पावले बडोद्याच्या तालमीतील लाल मातीत उमटली होती. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित आहे. कारण ग्रंथ आणि आखाडा यांत वैर नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्याने सिद्ध केले.