तुरुंगातली वर्ड-लिस्ट

एंट्रन्ससाठी इंग्रजी शब्द घोकून वैतागलात? मग अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स आठवा. आठवीनंतर त्याची शाळा सुटली आणि १९४६ मध्ये, विसाव्या वर्षी, चोरीच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला. मनातलं पत्रात उतरेना, पुस्तक उघडलं तर शब्द अडायचे. शेवटी नॉरफोकच्या तुरुंगात त्यानं डिक्शनरीच मागवली आणि पहिल्या पानापासून वहीत उतरवायला घेतली. पहिल्या पानालाच अख्खा दिवस गेला! लिहिलेलं तो मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्या दिवशी आठवून बघायचा. हळूहळू पुस्तकं कळू लागली, तुरुंगातल्या वादविवादांत तो बोलू लागला. १९५२ मध्ये सुटला, १९६४ मध्ये ऑक्सफर्ड युनियनमध्ये बोलला. पुढच्याच वर्षी, ३९ व्या वर्षी, त्याची हत्या झाली. त्याला पेपर द्यायचा नव्हता, स्वतःचं म्हणणं मांडायचं होतं.