समजून घ्या : मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला का गेली?

यवतमाळमध्ये मोबाइलवर चुंबकीय क्षेत्र दाखवणारे ॲप उघडले, तर ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दिसतो. ही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता. फोन दुचाकीच्या इंजिनाजवळ नेला की आकडा बदलतो. पृथ्वी तीच, मग खरा आकडा कोणता? सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत हाच प्रश्न नानाभॉय मूस यांच्यापुढे उभा राहिला होता.

कोण होते मूस?

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ मध्ये पारशी कुटुंबात झाला. एडिनबर्ग विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन ते परतले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. मूस यांच्या जन्मवर्षीच, २ सप्टेंबर १८५९ रोजी आलेल्या प्रचंड सौरवादळाची नोंदही त्यात आहे. त्या दिवशी कुलाब्यात चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरले होते.

ट्रामची अडचण काय होती?

विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो आणि काही भाग जमिनीत झिरपतो. त्याने सूक्ष्म चुंबकीय उपकरणे हलतात. ट्राम थांबणार नव्हती, म्हणून मूस यांनी वेधशाळाच हलवायचे ठरवले. जागा निवडली अलिबाग.

तिथे इमारतीसाठी स्थानिक काळा दगड टाळला. कोकणापासून यवतमाळपर्यंत सापडणाऱ्या या बेसॉल्टमध्ये लोहखनिजाचे कण असतात. त्याऐवजी तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड आणला. खिळे, बिजागऱ्यांनाही लोखंड वापरले नाही.

दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी

जागा बदलली की आकडा बदलतो. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्हींतला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा काम अलिबागला सुरळीत सुरू होते. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या ६० वर्षांच्या नोंदी विवेचनासह प्रसिद्ध केल्या.

त्या काळी कुलाब्याचे आडवे क्षेत्र सीजीएस पद्धतीत सुमारे ०.३७ असे लिहीत. आज तेच ३७,००० नॅनोटेस्ला. एकक आणि मोजण्याची पद्धत नोंदलेली असल्यानेच जुना आकडा आज वाचता येतो.

आज याचा उपयोग काय?

संगणकावर चुंबकीय पदार्थांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते. शेजारच्या अणूंची चुंबके एकमेकांना किती जोराने धरून ठेवतात, हे ‘एक्स्चेंज’ नावाच्या आकड्याने सांगतात. काही सूत्रांत अणूंची प्रत्येक जोडी एकदा मोजतात, काहींत दोनदा. हे न पाहता आकडा उचलला तर उत्तर दुप्पट किंवा निम्मे येते. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला संपते. चुकीच्या हिशेबात ते १,८०० अंशांपर्यंत टिकल्याचे दिसेल. प्रत्यक्षात लोखंड १,५३८ अंशांनाच वितळते.

मूस यांचे निधन १९३६ मध्ये झाले. अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते.