धारोष्ण दुधाशी भांडलेली बाई

उस्मानाबादी शेळी म्हणजे गरिबाची गाय. धाराशिव जिल्ह्यात ही काळीभोर शेळी दारोदार दिसते. धारोष्ण दूध अंगी लागते, अशी आपली जुनी समजूत. याच दुधाबद्दल जगाला सावध करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या लेकीची ही कहाणी.

ॲलिस इव्हान्स १८८१ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मली. कॉलेजला पैसे नव्हते, म्हणून तिने चार वर्षे शाळेत शिकवले. पुढे जिद्दीने शिकून १९१० मध्ये ती सरकारी दुग्धविभागात जंतुशास्त्रज्ञ झाली.

माल्टा बेटावरच्या चिवट तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला होता. तो शेळीच्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये झमिट यांनी दाखवले. गाई गाभडतात तो जंतू मात्र वेगळा आणि माणसाला निरुपद्रवी मानला जाई. इव्हान्सने दोन्ही ताडून पाहिले आणि १९१७ मध्ये सांगितले, की हे सख्खे भाऊ आहेत. दूध तापवूनच प्या. मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते उडवून लावले. डॉक्टरेट नसलेल्या बाईचे कोण ऐकणार?

दैवाची थट्टा पाहा. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिलाच त्या जंतूची लागण झाली. ताप यायचा, जायचा. अंग दुखायचे, थकवा हटायचा नाही. डॉक्टर म्हणत, हा मनाचा आजार. ज्या रोगाचे मूळ तिने दाखवले, तोच तिच्या अंगात कुणाला ओळखता येईना! वीसेक वर्षे तिने ते सोसले. दरम्यान इतरांच्या संशोधनाने तिचे म्हणणे खरे ठरले. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञ संस्थेची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. १९७५ मध्ये ती गेली.

हा आजार, ब्रुसेलोसिस, आजही टायफॉईड, मलेरिया किंवा क्षय समजून निसटतो. ताप लांबला, रात्री घाम सुटू लागला, कंबर-सांधे धरले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे, की घरी शेळ्या आहेत, एक गाभडली होती, कच्चे दूध प्यालो होतो. मग ते रक्ताची नेमकी तपासणी सांगतील. निदान झाले तर औषधे सहसा किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. शेळी विताना हातमोजे घालावेत, वार उघड्या हाताने ओढू नये.

आणि दूध? ते उकळूनच प्यावे. इव्हान्सबाईंचे सांगणे एवढेच तर होते.