खंडामागून खंड : महामहोपाध्याय काणे

दिल्लीशी संबंध आलेल्या थोर मराठी माणसांत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे स्मरण मला नेहमी होते. १९५३ ते १९५९ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. जन्म १८८० चा, रत्नागिरी जिल्ह्यातला.

मुंबई हायकोर्टात वकिली सांभाळून त्यांनी ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत ग्रंथाचे संपादन केले. त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ बेत होता. पण तो विषय वाढत गेला आणि त्याचा स्वतंत्र ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, दुसऱ्याला १९४१ साल उजाडले आणि पाचवा १९६२ मध्ये पूर्ण झाला. एकूण सुमारे साडेसहा हजार पाने! तोवर काण्यांचे वय ब्याऐंशी झाले होते. पोटाचे जुने दुखणे सोबतीला होतेच. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

आम्ही रेल्वेवाले लांबचा मार्ग सहसा एकदम उघडत नाही. एक सेक्शन पुरा झाला, तपासणी झाली, की तेवढ्यावर गाडी सुरू होते. काण्यांचे कामही असेच चालले. हातातला खंड पुरा करून छापायचा, मग पुढचा. उत्साह रोज सारखा राहत नाही. पण एक टप्पा पुरा झालेला दिसला की दुसऱ्याला हात घालण्याचे बळ येते.

नोकरी, प्रवास आणि मुलांचा अभ्यास यांत आपणा द्वारकावासीयांचे बरेच संकल्प मागे पडतात. मी डिप्लोमावर नोकरीला लागलो. आता चाळिशीनंतर खात्याची परीक्षा द्यायची आहे. एका वेळी एकच पेपर, असे ठरवले आहे. आपणही या वर्षापुरता एक टप्पा ठरवावा आणि तेवढा पुरा करावा, ही विनंती.